बेचाळीस सेकंद

सुरुवातीला पडद्यावर काळं.
हे काळं गिर्ट्सनं रात्री तीन वाजता टिपलंय,
मासे खारवायच्या पडक्या शेडमध्ये,
सगळे दिवे मालवून, कॅमेरा चालू ठेवून.
त्यात एक दार आहे, एक बाकडं,
बाकड्यावर माणूस.
दिसत कुणीच नाही.
पण दार असलेला अंधार वेगळा, नसलेला वेगळा,
असं गिर्ट्स म्हणतो,
आणि निर्माता घड्याळ बघतो.

या काळ्यावर व्हिसवाल्डिसचा आवाज.
बेचाळीस सेकंद, नव्वद शब्द.
"त्या वर्षी समुद्र गोठला, आणि वडील
बर्फावरून चालत निघाले…"
लिएपायाच्या रंगमंचावर चाळीस वर्षं घासलेला आवाज,
तळाशी गाळ, वर साय.
रेकॉर्डिंगला आला तो शहाजिऱ्याचा चहा घेऊन,
स्टुडिओत हीटर, तरी कोट काढेना.
म्हणाला, थंडीतलं वाक्य
उबदार अंगानं बोलवत नाही.

पावलं झिग्रिडाची.
चामड्याच्या पिशवीत बटाट्याचं पीठ,
ते मुठीनं दाबत ती अख्खा समुद्र चालून गेली
खुर्चीवरून न उठता.
गोठवलेला कोबी पिळला की बर्फ तडकतो.
काडी ओढल्याचा आवाज मात्र जमेना,
खरी काडी माइकला खोटी वाटते.
शेवटी नवऱ्याची छत्री फाडली,
टर्रकन.
नवरा अजून विचारतोय छत्री कुठे गेली.

माझं काम साफसफाईचं.
वाक्याआधी माणूस श्वास घेतो,
तो माशाच्या काट्यासारखा काढून टाकायचा.
काढणारच होते,
आग्रिता म्हणाली, थांब. तिथपासून ऐकव.
मग रोज थोडं थोडं कापत गेली.
वडील गेले, कारण माणूस पुढे दिसणारच.
बर्फ गेला, कारण तो वाजणारच.
वर्ष गेलं, कोटाच्या कॉलरवरून कळेल की.
मार्च संपताना उरलं
"समुद्र", एकटाच,
आणि एका शुक्रवारी तोही नाही.

आता असं आहे:
काळं.
एक श्वास, आत घेतलेला.
मग काहीच नाही, इतका वेळ
की आपलाच श्वास आठवावा.
मग छत्री फाटते, म्हणजे काडी पेटते,
आणि उजेड दिसतो तो
आधी नखावर, मग मिशीच्या टोकावर,
मग भिंतीतल्या खिळ्यावर, जिथे काही टांगलेलं नाही.
काडी बोटापर्यंत जळते.
कुठेतरी खाली, खूप खाली,
कोबी.

व्हिसवाल्डिसला कळवायचं माझ्याकडे होतं.
मी मूग गिळून बसले.

पहिल्या खेळाला तो आला
इस्त्रीचा शर्ट, बायको मिर्दझा, वरच्या मजल्यावरचे शेजारी,
अख्खी सातवी रांग.
मी आठवीत, त्याच्या मानेमागे.
अंधार झाला. त्याचा श्वास आला
चारी भिंतींतून, आणि खोटं नाही सांगत,
सगळ्या सभागृहानं तो आपल्या छातीत ओढला.
शेजाऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं.
तो पुढे वाकून वाट बघत राहिला.
काडी. मिशी. खिळा.
तासाभरानंतरही त्याचे ओठ हलत होते,
नव्वदच्या नव्वद पाठ.

जिन्यावर गाठलंच त्यानं.
"किती उरलो?"
एक सेकंद, म्हटलं. जेमतेम.
त्यानं कोटाची बटणं लावली,
वरचं चुकलं, परत लावली.
"पैसे बेचाळिसांचे घेतलेत," म्हणाला,
"परत मिळायचे नाहीत."

मग दार ढकललं. बाहेर वारा,
ओले रूळ, दिव्याखाली पिवळं धुकं.
पायरीवर थांबून
मिर्दझाकडे वळून त्यानं श्वास घेतला,
तोच. मी तो दोनशे वेळा ऐकलाय.
ती मान वर करून थांबली.
पुढे काय बोलला
ते ट्रामखाली गेलं.